एआयने सुचवलेले संदर्भ: काय तपासायचं, कुठे नोंदवायचं?

प्रश्न: शोधनिबंधाची भाषा चॅटजीपीटीकडून सुधारून घेतली आहे. साहित्य-आढाव्यातले काही संदर्भही त्यानेच सुचवलेत. त्याला सहलेखक दाखवायचं की आभारात उल्लेख पुरे?

उत्तर १: सहलेखक अजिबात नाही. जो मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही तो लेखक नव्हे, असं कोप (COPE, प्रकाशन-नीतीविषयक समिती) आणि आयसीएमजेई (ICMJE, वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) या दोघांनीही २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. आयसीएमजेईनुसार लेखनसाहाय्य आभारात नोंदवा. माहितीसंकलन, विश्लेषण किंवा आकृत्यांसाठी वापर असेल तर तो पद्धती विभागात. संपादकांना पाठवायच्या पत्रातही सांगा. साधनाचं नाव, आवृत्ती, वापराची तारीख आणि नेमकं काम लिहून ठेवा. नियतकालिकाचे स्वतःचे नियम मात्र आधी वाचा, ते अधिक कडक असू शकतात.

उत्तर २: मला जास्त काळजी संदर्भांची वाटते. चॅटजीपीटीसारखं भाषा-प्रारूप संभाव्य शब्द जुळवतं, त्यामुळे खरा लेखक, खरं नियतकालिक आणि अस्तित्वात नसलेलं शीर्षक असा बेमालूम संकर तयार होतो. डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक) उघडला म्हणजे झालं असं नाही, तो कधीकधी भलत्याच लेखाचा निघतो. शीर्षक, लेखक, वर्ष, खंड, पानं ताडून पाहा. मग मूळ लेखात तुमचं विधान खरोखर आहे का ते वाचा. सारांशावर भागवू नका. लेख मागे घेतलेला नाही ना, हे क्रॉसरेफमधल्या (डीओआय नोंदवणारी संस्था) रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या लेखांच्या, नोंदींत कळतं.

उत्तर ३: आणखी एक. परीक्षणासाठी आलेलं दुसऱ्याचं हस्तलिखित अशा साधनात कधीही टाकू नका, तो गोपनीयतेचा भंग आहे. मुलाखतींच्या प्रतिलेखांनाही हेच लागू. सहभागींच्या संमतिपत्रात तशी परवानगी आहे का, ते आधी पाहा.