प्रवासावर लिहिते, पण घराजवळचं सुचेना. नाशिककर, मदत करा

बॅगवाली: महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर. उरलेले पंधरा दिवस रविवार कारंजाजवळच्या घरी: बिलं लावा, फोटो निवडा, थकलेल्या मानधनासाठी मेल टाका. (हे कुणी इन्स्टावर टाकत नाही.) आता संपादकांना 'तुमचा परिसर' हवाय, आणि हंपीवर दोन हजार शब्द सहज लिहिणारी मी अडलेय. आवडत्या दुकानां-बाजारांच्या यादीत तीनच: गंगेवरचा (म्हणजे आपल्या गोदाकाठचा) बुधवारचा बाजार, मेनरोडचा साबुदाणा वडा, भांडी बाजाराजवळचे कल्हईवाले काका. अजून काय?

जुना पंचवटीकर: सावाना (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) विसरलात! 1840 पासूनचं वाचनालय. दुकान नव्हे, पण लिहिणाऱ्यानं तिथे जायला नको का?

तर्रीबहाद्दर: मिसळ कुठंय?? काळा रस्सा, पापड, दही... ताई, तुम्ही नक्की नाशिकच्याच ना?

बॅगवाली: @तर्रीबहाद्दर, मिसळीचं एक नाव घेतलं की दहा जण भांडायला येतात. घरीच खाते, जा! @पंचवटीकर, सावाना घेतेच.

आज काकांकडे आजीचं पितळी पातेलं नेलं. भट्टीवर तापवलं, नवसागर टाकला, भस्सकन पांढरा धूर. कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं फिरवली आणि काळं पडलेलं पातेलं आतून चांदीसारखं झालं. मी फोटो काढायचेच विसरले. काका म्हणाले, "उद्या झाकणी घेऊन या, तेव्हा काढा."