माळ्यावर पाच रुमाल मोडी कागद आणि काचेचे फोटो सापडलेत. गावातच ठेवून लोकांना कसे दाखवावेत?

बोरीकाठ
नमस्कार. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठाला. गावच्या वाचनालयात मी सात वर्षं ग्रंथपाल आहे. मागच्या महिन्यात पत्रे बदलताना माळ्यावरून मोडी कागदांचे पाच रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आणि एक ट्रंक खाली आली. ट्रंकेत दादर ज्वारीच्या कडब्यात बसवलेल्या अकरा काचेच्या निगेटिव्ह. एकही फुटलेली नाही!

पहिला रुमाल उघडला, तर कागदांच्या कडा कसरीने खाल्लेल्या. शेजारच्या गावातल्या निवृत्त तलाठी आप्पांनी दोन कागद वाचून दिले. सालदारांचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचे, करार आहेत. वर्षाचे पैसे, धान्य आणि शेवटी ‘घोंगडी एक, वहाणा जोड एक’. ज्यांच्या नावाची पाटी गावात कुठेच नाही, त्यांची नावं इथे आहेत. तेव्हापासून मला चैन नाही.

वीसेक वर्षांपूर्वी एक गृहस्थ अभ्यासाला म्हणून गावातला ताम्रपट आणि दोन पोथ्या घेऊन गेले. पावती नाही, वस्तू परत आल्या नाहीत. त्यामुळे म्हातारी मंडळी म्हणतात, आता चिटोरंही शिवेबाहेर जाणार नाही. मला त्यांचं पटतं. पण नुसतं कपाटात कोंडलं तर कसर उरलेलंही खाईल. कमिटीतले एक जण सगळं लॅमिनेट करा म्हणतात. सुरुवात कुठून करू?

मोडीवाचक, धुळे
ताई, लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेने प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं, मग मूळ कागद सोडवता येत नाही. सेलोटेपही नको. मऊ ब्रशने धूळ झाडा, धुतलेल्या कोऱ्या सुती कापडात बांधा, भिंतीपासून हातभर दूर लोखंडी कपाटात ठेवा, पण खालच्या खणात नको. रुमालातला क्रम मोडू नका. कोणता कागद कोणाशेजारी होता, यावरूनही पुष्कळ कळतं.

फोटो दाराजवळच्या सावलीतल्या उजेडात काढा, फ्लॅश बंद, शेजारी पट्टी ठेवून. काच कडेने धरा. निस्तेज बाजू पुसायची नाही, चित्र त्याच थरात असतं. टॅबची पांढरी स्क्रीन खाली आणि थोडं अंतर सोडून वर काच, असा फोटो घेऊन मोबाईलवर त्याचे रंग उलटे (इन्व्हर्ट) केले की चित्र दिसतं. नंतर प्रत्येक काच कागदी पाकिटात, उभी.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं गोळा करत. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच गेले, आणि त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने त्यांचा संग्रह जपला. तेव्हा कागद वाचवायचा तर तो उचलून न्यावाच लागे. आज मूळ तुमच्याकडे राहू द्या, नकला तीन ठिकाणी ठेवा.

चाळीसगावकर
आमच्या पाटणचा शिलालेख, शके ११२८ चा. डॉ. भाऊ दाजींनी तो वाचून छापला म्हणून भास्कराचार्यांचा नातू चांगदेव आणि त्याचा मठ जगाला कळला. वाचन बाहेर गेलं पाहिजे, वस्तू नव्हे.

ताम्रपट ज्यांनी पाहिलाय त्यांच्याकडून आकार, कड्या, ओळी, असेल ते आजच लिहून घ्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू येतात, हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं पुरतात. पुढे कुठे दिसला तर हे वर्णन कामाला येईल.

आसोदेकर
कागदावर नसलेलंही घ्या, माय. बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी लिहून घेतल्या म्हणून आपल्याकडे आहेत. आज्यांना अहिराणीतच बोलू द्या, मधे प्रमाण मराठीत प्रश्न विचारलात की त्या गप्प होतात. सुरुवातीला नाव, तारीख आणि ‘ऐकवू का चारचौघांत?’ एवढं रेकॉर्ड करा.

बोरीकाठ
सगळ्यांचे आभार. रविवारी अकराही फोटोंच्या प्रिंट मारुतीच्या ओट्यावर मांडल्या. एका फोटोत चौदा माणसं आहेत, पांढऱ्या टोप्या, मागे बांबूची कमान. गावात सगळे सांगत होते, १९३६ च्या फैजपूर काँग्रेसला गेलेले स्वयंसेवक. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन आणि तिथली सजावट चित्रकार नंदलाल बोसांनी बांबूचीच केलेली, म्हणून मीही पाकिटावर तसं लिहून टाकलं होतं.

पलीकडच्या आळीतल्या आजी आल्या. डावीकडून तिसऱ्यावर बोट ठेवलं. “हाऊ मना बाप शे.” आणि कमान? फुईच्या, म्हणजे आत्याच्या, लग्नाचा मांडव म्हणाल्या. आता पाकिटावर दोन्ही गोष्टी आहेत, कोणी सांगितली आणि कोणत्या तारखेला, यासकट.

प्रिंट त्यांना दिली. त्या प्रिंटचीही रजिस्टरला नोंद केली, गावाला पावतीची सवय लागावी म्हणून. मी शाईचा पॅड पुढे केला, तर त्यांनी पेन मागून घेतलं आणि सावकाश सही केली.

दुसरा रुमाल पुढच्या रविवारी सोडतोय. धुळ्याचे दादा, येणार असाल तर अमळनेर स्टँडवर घ्यायला येते.