कळा खऱ्या की खोट्या, हे कसे ओळखावे?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला गरोदरपणाचा ३८वा आठवडा चालू असून रोज संध्याकाळी तिचे पोट दगडासारखे कडक होते आणि थोड्या वेळाने सैल पडते. आम्ही गगनबावड्याकडे राहतो, कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर. निघायचे केव्हा?

उत्तर १ : कूस बदलल्याने, पाणी प्यायल्याने किंवा थोडे चालल्याने ओसरतात, त्या बहुधा खोट्या कळा. खऱ्या कळा बहुतेकदा कमरेतून ओटीपोटाकडे येतात, त्यांच्यातले अंतर घटत जाते व जोर वाढतो. म्हणून एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंतची वेळ वहीत लिहीत जावी.

उत्तर २ : पहिलटकरणीला दर ५ मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघावे, असे सांगतात खरे; पण हा हिशेब दवाखाना जवळ असणाऱ्यांचा. आपण, विशेषतः पावसाळ्यात, कळा नियमित होताच निघावे. रक्तमिश्रित चिकट स्राव दिसल्यावर मात्र कळा सुरू व्हायला कधीकधी एक-दोन दिवसही जातात.

उत्तर ३ : पाणमोट फुटल्यास कळांची वाट पाहू नये. पाणी हिरवट असेल, अंगावरून रक्त जात असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करावा. सीपीआरला (कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात) जाणार असाल, तर तपासणीची फाइल आणि सोनोग्राफीचे कागद आजच पिशवीत भरून ठेवा.