ड्रायव्हरची त्रुटी पुन्हापुन्हा का येते? सोलापुरातील घरगुती संगणकांचे अनुभव

निवेदन

संगणकावर ड्रायव्हरची त्रुटी एकदा आली आणि गेली, तर तिचे कुणाला फारसे काही वाटत नाही. तीच त्रुटी रोज सकाळी किंवा प्रत्येक अपडेटनंतर येऊ लागली की घरातली कामे अडतात. मुलांचा प्रवेश-अर्ज अर्धवट राहतो, जीएसटीचे विवरणपत्र मुदत उलटेपर्यंत पडून राहते. अशा वेळी बहुतेक ठिकाणी ‘विंडोज नव्याने टाकून घ्या’ हा एकच सल्ला मिळतो. त्याने थोडे दिवस बरे जातात आणि त्रुटी परत येते, कारण ती का येत होती हे कुणी पाहिलेलेच नसते.

ड्रायव्हर हा कार्यप्रणाली आणि उपकरण यांच्यात निरोपांची ने-आण करणारा प्रोग्राम असतो. असे अनेक ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या सर्वांत आतल्या पातळीवर चालतात, त्यामुळे तिथे बिघाड झाला की केवळ ते उपकरण नव्हे, तर सगळा संगणकच निळा पडदा दाखवून थांबतो. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या कर्नल-ड्रायव्हरने सदोष फाइल वाचली आणि जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. आपल्याकडे काही विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. घरातल्या संगणकावर घडते ते याच जातीचे असते, फक्त त्याची बातमी होत नाही.

सोलापुरात घरी संगणक वापरणाऱ्यांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती. उपकरण कोणते होते, डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधील उपकरणांच्या यादीत, त्रुटीचा कोणता कोड दिसत होता, त्रुटी नेमकी कशानंतर परत येत होती आणि अखेर ती कशाने थांबली, एवढे लिहिले तरी पुरे. त्यातही ‘कशानंतर’ हे न विसरता लिहावे. माझ्या मते उत्तर बहुधा तिथेच सापडते.

विजापूर रस्ता

आमच्या लॅपटॉपचे वाय-फाय सकाळी हमखास गायब असे. डिव्हाइस मॅनेजर उघडला की वाय-फायच्या नावावर पिवळा त्रिकोण, आणि आत ‘हे उपकरण सुरू होऊ शकत नाही, कोड १०’ हा मजकूर. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला की दिवसभर सुरळीत चाले. रात्री लॅपटॉप बंद करून सकाळी सुरू केला की पुन्हा तेच.

माझा पुतण्या अभियांत्रिकी शिकतो. त्याने एकच प्रश्न विचारला, ‘काकू, शट डाउन करून चालू केल्यावर आणि रीस्टार्ट केल्यावर सारखेच होते का?’ सारखे होत नव्हते. रीस्टार्टनंतर वाय-फाय मिळत होते. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आहे. ती चालू असेल तर शट डाउन करताना कर्नल आणि ड्रायव्हर यांची त्या क्षणाची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत स्मृतीत आणली जाते. म्हणजे आपण यंत्र बंद केले असे समजतो, पण ड्रायव्हर नव्याने सुरू होतच नाही, आणि बिघडलेली स्थिती दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी समोर येते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे मुळापासून सुरू होते. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाने काय करायचे ते ठरवण्याच्या पानावर या सोयीची चौकट आहे. त्याने ती रिकामी केली आणि सकाळचा त्रास थांबला. ज्यांना ती सोय ठेवायची आहे त्यांनी शिफ्टची कळ दाबून शट डाउन निवडावे. तेवढ्यापुरते यंत्र पूर्णपणे बंद होते.

साखर पेठ

मी घरूनच लग्नपत्रिका आणि स्मरणिकांची अक्षरजुळणी करतो. आपल्या शहरात एकाच पत्रिकेत मराठीबरोबर तेलुगू किंवा कन्नड मजकूर मागणारी घरे पुष्कळ आहेत, त्यामुळे जुने फाँट-सॉफ्टवेअर सोडता येत नाही, आणि ते सॉफ्टवेअर यूएसबीला डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण, लावल्याशिवाय उघडत नाही. नवा संगणक विंडोज ११ सह आला. डोंगलचा ड्रायव्हर टाकला की ‘या उपकरणावर ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही’ अशी सूचना येई. दुकानदाराने काहीतरी करून तो चालू करून दिला, पण काही दिवसांनी तीच सूचना परत आली.

शोध घेतल्यावर कारण ‘मेमरी इंटिग्रिटी’ निघाले. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘कोअर आयसोलेशन’च्या खाली ही कळ असते, ती चालू असली की कर्नलमध्ये शिरणारा प्रत्येक ड्रायव्हर कडक नियमांतून तपासला जातो, आणि कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेले डोंगलचे ड्रायव्हर त्या तपासणीत अडतात. दुकानदार दर वेळी ती कळ बंद करून देत होता आणि घरातले कुणीतरी सुरक्षेची सूचना पाहून ती पुन्हा चालू करत होते, एवढाच त्या परत येण्याचा अर्थ होता.

कळ बंद ठेवून काम करणे मला पटले नाही, कारण याच संगणकावर घरचे बँकेचे व्यवहार होतात. त्या पानावर विसंगत ड्रायव्हरची यादी मिळते आणि प्रत्येकाच्या तपशिलात ‘ओईएम’ या अक्षरांनी सुरू होणारे फाइलचे नाव असते. ते नाव टिपून, प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांडच्या खिडकीत ‘पीएनपीयूटिल’ या आज्ञेने जुना ड्रायव्हर विंडोजच्या साठ्यातूनच काढला. डिव्हाइस मॅनेजरमधून नुसता ‘अनइन्स्टॉल’ केला असता तर तो साठ्यात राहिला असता आणि डोंगल लावताच पुन्हा बसला असता. मग डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत पानावरचा नवा ड्रायव्हर टाकला. आता कळ चालू आहे आणि डोंगलही चालते.

अक्कलकोट रस्ता, एमआयडीसीजवळ

आमचा टॉवेलचा व्यवसाय आहे आणि हिशेबाचा संगणक घरीच असतो. वजनकाट्याचे आकडे थेट संगणकात यावेत म्हणून काट्याची जुनी सीरियल वायर एका यूएसबी परिवर्तकातून जोडली आहे. तिथे दोन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र मिसळल्या होत्या, आणि त्या वेगळ्या करेपर्यंत काहीच सुचत नव्हते.

पहिली तक्रार अशी की वजन अचानक येणे थांबे, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोणतीच त्रुटी नसे. झाडलोट करताना वायर काढून दुसऱ्या खाचेत लावली जायची. ज्या परिवर्तकाच्या चिपमध्ये स्वतःचा अनुक्रमांक नसतो, त्याला विंडोज प्रत्येक यूएसबी खाचेसाठी नवा कॉम पोर्ट क्रमांक, म्हणजे सीरियल जोडणीचा क्रमांक, देते. हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र कॉम ३ कडेच कान लावून बसलेले, आणि काटा कॉम ५ वर बोलत असे. खाच ठरवून तिच्यावर रंगाचा ठिपका दिला. त्याच वेळी टॉर्च लावून पाहिले तर बाकीच्या खाचांत कापसाचे तंतू दाबून बसलेले दिसले. ते संगणक बंद करून बारीक लाकडी काडीने काढले.

दुसरी तक्रार कोड १० ची. ती विंडोजचे अपडेट झाल्यावरच येत असे. परिवर्तकातील चिप जुन्या पिढीची होती आणि नव्या ड्रायव्हरने तिचा आधारच काढून घेतला होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘माझ्या संगणकावरील यादीतून निवडू द्या’ हा पर्याय घेऊन जुनी आवृत्ती बसवता येते, पण पुढच्या अपडेटबरोबर नवी परत येते. व्यवसायाचे काम त्यावर अवलंबून असल्याने आम्ही दुसऱ्या चिपचा परिवर्तक घेतला. ज्या उपकरणाचा आधार संपला आहे त्याच्याशी महिनोन्महिने झगडण्यापेक्षा थोड्या पैशांची वायर बदललेली बरी, असे माझे ठाम मत झाले आहे.

होटगी रस्ता

ग्राफिक्स कार्ड, कोड ४३. हा कोड ‘उपकरणानेच अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवले’ असे सांगतो, पण आम्ही सगळे ड्रायव्हरच बदलत बसलो होतो. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर चालते त्या अवस्थेत, जाऊन जुन्या ड्रायव्हरचे सर्व अवशेष पुसले, निर्मात्याचा नवा ड्रायव्हर टाकला, तरी त्रुटी येतच राहिली.

वेळ लिहून ठेवायला लागल्यावर चित्र स्पष्ट झाले. सकाळी संगणक निर्धास्त चाले आणि दुपारी बंद पडे. तेही एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि माडीवरच्या खोलीत पंख्याचा वाराही गरम लागतो. कार्डाचा पंखा फिरत होता, पण त्याच्या खालच्या धातूच्या पट्ट्यांत धुळीचा अक्षरशः नमदा बसला होता, आणि चिपवरची उष्णतावाहक पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. धूळ काढून पेस्ट नवी लावली, संगणकाची पेटी भिंतीपासून पुढे ओढली. ड्रायव्हर तोच ठेवला. त्यानंतर कोड ४३ दिसला नाही. ज्यांच्याकडे असे काही होत असेल त्यांनी कार्ड एकदा दुसऱ्याच्या संगणकात लावून पाहावे. तिथेही तोच कोड आला तर ड्रायव्हरच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

भवानी पेठ

मी शाळांच्या गणवेशांची शिलाई घेते आणि बिले घरच्या प्रिंटरवर काढते. प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसायचा आणि त्याच्याच नावाचा, पुढे ‘कॉपी १’ लिहिलेला दुसरा प्रिंटर यादीत उगवायचा. वरच्या टॉवेलवाल्या दादांनी लिहिले आहे तेच इथेही लागू पडते: प्रिंटरची वायर दुसऱ्या खाचेत गेली की विंडोज त्याला नवा प्रिंटर समजते, आणि बिलाचे सॉफ्टवेअर जुन्याच नावाकडे काम पाठवत राहते. दोन्ही नावे काढली, ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मधील ड्रायव्हर्सच्या पानावरून ड्रायव्हर त्याच्या पॅकेजसह काढून टाकला, संगणक रीस्टार्ट केला आणि मगच वायर ठरलेल्या खाचेत लावली. वायर आधी लावायची की ड्रायव्हर आधी टाकायचा, हे प्रिंटरच्या पुस्तिकेत लिहिलेले असते आणि ते पाळावे.

बाळे

डिव्हाइस मॅनेजरमध्ये अनोळखी उपकरणावर कोड २८, म्हणजे ड्रायव्हरच नाही, असे दिसत असेल तर फुकटचे ‘ड्रायव्हर अपडेटर’ उतरवू नयेत, एवढेच सांगायचे आहे. त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमधील डिटेल्सच्या पानावर ‘हार्डवेअर आयडी’ निवडावा. ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढची चार चिन्हे निर्माता सांगतात आणि ‘डीईव्ही’पुढची चार चिन्हे उपकरण सांगतात, ८०८६ दिसले तर इंटेल, १०डीई दिसले तर एनव्हिडिया, १०ईसी दिसले तर रिअलटेक. तेवढ्यावरून कोणत्या अधिकृत पानावर जायचे ते कळते. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावर, मॉडेल क्रमांक घालून शोधावे.

केगाव

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आमचा जुना लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता, म्हणून त्यावर लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली टाकली. तिथे बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात, त्यामुळे शोधाशोध कमी होते, पण त्रुटी परत येण्याचा प्रकार तिथेही आहे. आमच्या यूएसबी वाय-फायचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हता; तो बाहेरून आणून त्या कर्नलसाठी बांधावा लागला, आणि कर्नलची नवी आवृत्ती आली की वाय-फाय बंद पडू लागले. डीकेएमएस या व्यवस्थेत तो नोंदवल्यावर प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो आपोआप बांधला जातो. बांधणी फसली तर संगणक सुरू होताना कोणता कर्नल चालवायचा ते विचारणाऱ्या ग्रब यादीतून मागचा कर्नल निवडून काम चालू ठेवता येते, म्हणून जुना कर्नल लगेच पुसू नये.

नवी पेठ, संगणक दुरुस्तीचे काम

निळ्या पडद्याबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझ्याकडे येणाऱ्या माणसाला मी सर्वांत आधी विचारतो की पडद्यावर फाइलचे नाव दर वेळी तेच असते की बदलते. तेच नाव, तोच कोड असेल तर तो ड्रायव्हर किंवा त्याचे उपकरण संशयित. आज ग्राफिक्स, उद्या नेटवर्क, परवा डिस्क असे नाव बदलत असेल तर सगळे ड्रायव्हर एकाच वेळी बिघडण्याची शक्यता फार कमी. तिथे मी रॅम तपासतो. विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक किंवा मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे, रॅमच्या पट्ट्या एकेक करून लावून पाहाव्यात. रॅम चांगली निघाली तर पॉवर सप्लाय पाहावा. ज्या भागांत विजेचा दाब वरखाली होतो तिथल्या ग्राहकांना मी नव्या ड्रायव्हरआधी चांगला यूपीएस घ्यायला सांगतो.

नाव आठवत नसेल तरी हरकत नाही. विंडोजच्या शोधचौकटीत ‘रिलायबिलिटी’ असे इंग्रजीत लिहिले की तारखांचा एक तक्ता उघडतो. त्यात कोणत्या दिवशी कोणते अपडेट बसले आणि कोणत्या दिवशी काय कोसळले हे एकाखाली एक दिसते. त्रुटी अपडेटच्या दिवसापासून सुरू झाली असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरावे. ते बटण फिकट असेल तर मागची आवृत्ती जपलेली नाही, आणि ती निर्मात्याकडूनच आणावी लागते.

जुळे सोलापूर

वरील दादांना एक विचारायचे आहे. माझ्या लॅपटॉपचे ब्लूटूथ स्लीपमधून उठल्यावर नाहीसे होते आणि रीस्टार्टनंतर येते. फास्ट स्टार्टअप बंद करूनही फरक पडला नाही.

नवी पेठ, संगणक दुरुस्तीचे काम

ताई, स्लीपमध्ये फास्ट स्टार्टअपचा संबंध येत नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ आतून यूएसबीलाच जोडलेले असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथच्या आणि यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’चे पान पाहा, तिथे वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी चौकट असेल तर ती रिकामी करा. तरीही तसेच राहिले तर लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरून आधी चिपसेटचा आणि मग ब्लूटूथचा ड्रायव्हर, याच क्रमाने टाका. त्यानंतर काय झाले ते इथे अवश्य कळवा, आणि कोड दिसला तर तोही लिहा.