मदत हवी आहे : साडेनऊला रेस आणि रेंज फक्त फणसाखाली

मंडळी, मी देवगडजवळच्या एका वाडीत राहतो. ८ मार्च २०२६ ला मेलबर्नच्या अल्बर्ट पार्कात फॉर्म्युला वन कार रेसिंगचा सिझन सुरू होतोय. तिथले दुपारचे तीन म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ, ५८ फेऱ्या. घरात रेंज शून्य, खळ्यातल्या फणसाखाली दोन काड्या! २०२५ ला तिथे पावसात पियास्त्री हा ड्रायव्हर गाडीसकट गवतावर घसरला, तेव्हा माझ्या मोबाइलवर नुसती चकरी फिरत होती. चित्र आलं तोवर दुसरा ड्रायव्हर नॉरिस जिंकून मोकळा.

सिमवाला राउटर कोणी वापरलाय का? छपरावर अँटेना लावून फरक पडतो? लाइट गेली तर इन्व्हर्टरवर दोन तास निघतील ना? आणि बाबांना नेमका तेव्हाच आंबे उतरवायला माणूस हवाय, त्यावरही उपाय सुचवा.