जवसाचे तेल एक्स्पेलरवर काढावे की घाणीवर?

धागाकर्ता (घाणीचालक, आर्वी) : जवस घेऊन येणारे शेतकरी विचारतात की, एक्स्पेलरमधून (बी स्क्रूने जोरात दाबणाऱ्या यंत्रातून) तेल जास्त निघत असताना घाणीवर कशाला यावे. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ असते आणि ते उष्णता, उजेड व हवा यांनी लवकर बिघडते. एक्स्पेलरमध्ये बी बहुधा आधी शेकतात आणि पुढे दाबाखाली तेल १०० अंशांपलीकडेही तापू शकते. लाकडी घाणी मात्र सावकाश फिरते. ढेपेत थोडे तेल राहते खरे, पण ते गाईच्याच पोटात जाते. माझ्या मते जवस घाणीवरच काढावा.

प्रतिसाद (कपाशी उत्पादक, पांढरकवडा) : हाच न्याय सरकीला लावून पाहा. सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते, त्यामुळे तिचे काळपट लाल कच्चे तेल कॉस्टिक सोड्याने शुद्ध केल्याखेरीज खाण्याजोगे होत नाही. सोयाबीनमध्ये तेलच मुळात १८ ते २० टक्के. ते घाणीवर काढणाऱ्याचे दिवाळे निघेल. कारखान्यात ते हेक्झेन या द्रावकात विरघळवून काढतात. हेक्झेन साधारण ६९ अंशांना उकळते, म्हणून ते वाफेने काढून पुन्हा वापरता येते आणि ढेपेत जेमतेम एक टक्का तेल उरते. शिवाय बुरशी लागलेले शेंगदाणे घाणीत गेले, तर अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष तेलात उतरते. ते शुद्धीकरणात बहुतांशी निघून जाते. ‘रिफाइंड’ म्हटले की नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

धागाकर्ता : सरकी आणि सोयाबीनबद्दल वाद नाहीच, दादा. परंतु तेलाचा वास घालवण्यासाठी ते २०० अंशांच्या वर तापवतात, तेव्हा वासाबरोबर ई-जीवनसत्त्वाचा काही भागही जातो. जवसाला ती प्रक्रिया कशासाठी?

प्रतिसाद (ग्राहक, हिंगणघाट) : आपण दोघेही तेल निघाल्यानंतरचे बोलत नाही. आमच्या बाजारात घाणीचे जवस तेल, गाळ खाली बसू न देताच, पारदर्शक बाटल्यांत भरून दुकानाच्या दर्शनी फळीवर उन्हात मांडतात, आणि घरी आणून झाकण उघडले की खवट वास येतो. घाणीत पिळताना पाण्याचा हबका मारतात, तो ओलावाही तेलात राहतो. असे तेल ‘कोल्ड प्रेस’ (न तापवता काढलेले) म्हणून दुप्पट भावाने घेण्यापेक्षा मी शेजारच्या गावातले एक्स्पेलरचे, पण गाळून पत्र्याच्या डब्यात भरलेले ताजे तेल घेईन.

धागाकर्ता : ताई, बाटलीचा दोष घाणीच्या माथी मारू नका. पुढच्या घाण्यापासून तेल निवळल्यावरच डब्यात भरू आणि डब्यावर काढल्याची तारीख घालू. भाव मात्र कमी होणार नाही.