पहिल्याच पानावर खुनी कळला तरी वाचावं असं काही सांगा

सातरस्ताकर

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात लायब्ररीतून एक रहस्यकथा आणली, अलीकडचीच आहे, नाव मुद्दाम सांगत नाही. सकाळी पुण्याच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसलो, पुस्तक उघडलं तर पहिल्याच पानावर कुणा महाभागाने निळ्या पेनने लिहून ठेवलेलं, "खुनी - दीर". डोकंच फिरलं. पण मोबाईलची बॅटरी १२ टक्के, पुण्यापर्यंत दुसरा उद्योग नाही, म्हणून वाचत बसलो. कुर्डुवाडी यायच्या आतच कळलं की या पुस्तकात लपवाछपवी सोडून काहीच नाहीये. दीर आला की लेखक कॅमेरा फिरवल्यासारखा दुसरीकडे बघतो, खोटे संशयित एकेक प्रकरण खाऊन गायब होतात, आणि त्या दिराने खून का केला ते शेवटच्या दोन पानांत उरकलंय, त्यालाच बोलायला लावून. म्हणजे ते निळं पेन नसतं तर मी "वा काय ट्विस्ट" म्हणून चार जणांना वाचायला पण दिलं असतं.

तर प्रश्न असा की खुनी आधीच माहिती असूनही सोडवत नाही असं अलीकडे काय वाचलंत, बघितलंत? पुस्तक, सिनेमा, सिरीज काहीही चालेल.

चिंचेखालची_वाचक

दादा, केइगो हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' घ्या डोळे झाकून. २००५ चं जपानी आहे, इंग्रजीत मिळतं. खून कुणी केला, कुठे केला, सगळं सुरुवातीलाच आपल्या डोळ्यासमोर होतं, शेजारचा गणिताचा मास्तर मदतीला येतो हे पण लगेच कळतं. तरी शेवटी आपण गंडतो, कारण आपल्याला वाटत असतं आपल्याला सगळं माहितीये. त्यावरून २०२३ ला 'जाने जान' आला हिंदीत, कालिम्पाँगमध्ये घडतो, जयदीप अहलावतने मास्तर केलाय भारी, पण पुस्तकातली ती गुदमर सिनेमात निम्मीच उतरली असं माझं मत.

मराठीत 'वाळवी' बघितलाच असेल? परेश मोकाशींचा, २०२३ चा. त्यात पण खुनाचा प्लॅन सुरुवातीलाच उघड, मजा आहे ती प्लॅन फिसकटण्यात. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याला, पण आमच्या घरी सासूबाईंनी दोनदा बघितला हा मला त्याहून मोठा पुरस्कार वाटतो.

नवीपेठ_७७

तुमचं पटलं नाही ओ. माणूस रहस्यकथा घेतो कशाला? शेवटपर्यंत कळू नये म्हणूनच की. 'का केला' ते शोधायला बाकी साहित्य पडलंय, तिथे ते हजार पानं सांगतात. आमच्या वडलांच्या पिढीने बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला झुंजार आणि काळा पहाड वाचला, हजाराच्या वर पुस्तकं लिहिली त्या माणसाने, कुणी मानसशास्त्र विचारलं नाही. मी स्वतः सुहास शिरवळकरांच्या दारा बुलंद या नायकाच्या कादंबऱ्यांवर वाढलो, रोज एक पुस्तक, भाडं भरून. दोष ट्विस्टचा नाही, ट्विस्ट नीट न लिहिणाऱ्याचा आहे. आणि त्या पेनवाल्याचा. असल्या लोकांची मेंबरशिप रद्द केली पाहिजे.

'अंधाधुन' घ्या. शेवटी तो काठीने डबा उडवतो त्यावर आम्ही मित्र अजून भांडतो, २०१८ चा सिनेमा आहे.

शेंगाचटणी

@नवीपेठ_७७ काय बे, पेनवाल्याला शिव्या घालून खालीच शेवट सांगितला तू! मी बघितला नव्हता.

अशोकचौक_एक्सप्रेस

आमच्याकडे घरात तेलुगू, त्यामुळे 'दृश्यम'चं वेगळंच झालं. मोहनलालचा मूळ मल्याळम २०१३ चा, पण आम्ही आधी व्यंकटेशचा तेलुगू बघितला. मग २०१५ ला अजय देवगणचा आला तेव्हा सगळ्या मित्रांबरोबर गेलो, मला सगळं तोंडपाठ. तरी पोलीस खणायला लागल्यावर हातातला समोसा तसाच राहिला. म्हणजे सातरस्ताकर म्हणतात ते खरंय, कळलेलं असून पण धडधडतं, कारण तो माणूस चुकेल का याची भीती असते आपल्याला.

उलट २०२५ चा 'हिट ३' बघितला नानीचा. पहिला 'हिट' तपासाचा होता, आवडला होता. तिसऱ्यात तपास चिमूटभर आणि रक्त बादलीभर. आई मध्येच उठून कुकर लावायला गेली, परत आली तरी मारामारी चालूच.

निवृत्तहवालदाराचा_मुलगा

उशिरा लिहितोय. आमच्या अण्णांबरोबर क्राईम सिरीज बघणं म्हणजे शिक्षा असते, दर पाच मिनिटाला "असं नसतंय". आरोपी पोलीस स्टेशनात रडत कबूल करतो आणि केस संपते ना, तिथे अण्णा टीव्हीच बंद करतात. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही, आधी एव्हिडन्स ॲक्टचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून साक्ष अधिनियमाचं कलम २३. त्याने दाखवलेल्या जागेवर हत्यार सापडलं तर तेवढ्यापुरतं चालतं. अण्णांचं म्हणणं, खरा थ्रिल पंच, म्हणजे पंचनाम्याचा साक्षीदार, शोधण्यात आहे. रात्री दोन वाजता पंचनाम्याला उभा राहायला कोण तयार होतो? चहावाला पण टपरी बंद करून पळतो, कारण पुढे कोर्टाच्या तारखा त्यालाच.

त्यांनी पूर्ण बघितलेली एकच, 'मानवत मर्डर्स'. परभणी जिल्ह्यातलं १९७२ ते ७४ चं खरं प्रकरण, तपास रमाकांत कुलकर्णींचा, आशुतोष गोवारीकरने ते काम केलंय. मानवतचं नाव अण्णांच्या पिढीत सगळ्यांनी ऐकलेलं, तरी आठही भाग बघितले. मधे फक्त एकदा म्हणाले, "गाडी फार स्वच्छ दाखवलीय."

सातरस्ताकर

सगळ्यांचे आभार. जपानी पुस्तक मागवलं, 'मानवत' रविवारी. नवीपेठ, तुमचं अर्धं मान्य, दारा बुलंदला मी पण नाही म्हणणार नाही.

पुस्तक काल परत केलं. आधी ते पेन खोडायला बघितलं, कागद फाटायला लागला. मग त्याच निळ्या शाईत "दीर"च्या पुढे स्वल्पविराम देऊन "नणंद, डॉक्टर, माळी" असं लिहून ठेवलंय. पुढच्याने बघून घ्यावं.